वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार मोर्डेकाय हाफकिन (१५ मार्च १८६० – २६ ऑक्टोबर १९३०) हे पटकी (कॉलरा) व प्लेग या दोन रोगांवरील प्रतिबंधक लसींचे जनक म्हणून ओळखले जाणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ होते. रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाचे कार्य मात्र भारतात, विशेषतः मुंबई इलाख्यात झाले. मुंबईतील परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे. प्लेगच्या साथीत होरपळलेल्या तत्कालीन सातारा जिल्ह्यातील व सांगली-मिरज संस्थानांतील जुन्या पिढीला हे नाव प्लेगची टोचणी या रूपाने परिचित होते.

हाफकिन यांची दुसरी ओळख तितकीच महत्त्वाची आहे, पण तिचा उल्लेख कमी होतो. तयार झालेली लस निर्धोक आहे व ती रुग्णाला देण्यास हरकत नाही, असा निर्वाळा देऊन बाटली प्रयोगशाळेबाहेर पाठविण्याची जबाबदारी भारतात मोठ्या प्रमाणावर प्रथम ज्यांच्यावर पडली, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी येते. १९०२ साली पंजाबातील एका खेड्यात झालेल्या १९ मृत्यूंचा ठपका याच जबाबदारीपोटी त्यांच्यावर आला आणि तो पुसला जाण्यास पाच वर्षे लागली.

बालपण व शिक्षण

हाफकिन यांचे बालपण अझोव समुद्राच्या काठी बेर्द्यान्स्क या गावी गेले. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. तेथे पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे इल्या मेचनिकोव हे त्यांचे गुरू होते. विद्यार्थिदशेत झारशाहीविरोधी चळवळीशी आलेल्या संबंधामुळे त्यांना अटकही झाली होती. १८८१ च्या ज्यूविरोधी दंगलीत स्वजनांच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांमध्ये ते होते. धर्मांतर केले असते तर विद्यापीठातील वरच्या जागा त्यांना खुल्या झाल्या असत्या, पण ते त्यांनी केले नाही. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात काम केल्यावर १८८८ मध्ये ते जिनिव्हाला गेले. पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना नोकरी मिळाली, ती सहायक ग्रंथपालाची! ग्रंथालयाचे काम संपल्यावर उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत.

पटकीची लस व भारतात आगमन

पाश्चर संस्थेत हाफकिन यांनी पटकीच्या जंतूंपासून लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. आपल्या हातून तयार झालेले औषध इतरांना देण्यापूर्वी स्वतःच्या अंगावर अजमावायचे, हा नियम त्यांनी पुढेही पाळला. औषधाच्या सुरक्षिततेविषयी कायदा नव्हता व तपासणी करणारे स्वतंत्र कार्यालयही नव्हते, अशा काळात शास्त्रज्ञाचे स्वतःचे शरीर हेच पहिले प्रमाणपत्र ठरत असे.

त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत असलेले लॉर्ड डफरिन पूर्वी भारताचे व्हाइसरॉय होते. पटकीची खरी परीक्षा भारतातच होईल, असे त्यांनी सुचविले. त्यानुसार १८९३ मध्ये हाफकिन कोलकात्यास आले. उत्तर भारतातील लष्करी छावण्या, कोलकात्याच्या झोपडवस्त्या व आसामचे चहामळे येथे त्यांनी हजारो लोकांना लस टोचली. ती कोणावरही सक्तीने टोचली जात नसे. याचा एक परिणाम असा झाला की, प्रत्येक ठिकाणी टोचलेले व न टोचलेले असे दोन्ही प्रकारचे लोक एकाच परिस्थितीत राहत, आणि लसीचा गुण तुलनेने पडताळता येई. मलेरियाने प्रकृती खालावल्यामुळे १८९५ मध्ये ते युरोपला परतले, पण थोड्याच काळात पुन्हा भारतात आले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मूळचे गोव्याचे असलेले हे डॉक्टर पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्षही झाले. तत्कालीन मराठी वृत्तपत्रांनी या रोगाला ग्रंथिक सन्निपात असे नाव दिले. सरकारने हाफकिन यांना कोलकात्याहून मुंबईस बोलावले. ऑक्टोबरमध्ये ते आले, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली व तिच्याबाहेरील पडवी एवढीच जागा त्यांना मिळाली. हाताखाली एक कारकून व तीन शिपाई होते. या तुटपुंज्या साधनांवर तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि तीही पुढे सामान्यतः दिल्या जाणाऱ्या मात्रेपेक्षा बरीच मोठी, १० घनसेंटिमीटर.

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील कैद्यांपैकी स्वेच्छेने पुढे आलेल्यांना लस देण्यात आली. लस घेतलेल्या १४७ जणांपैकी दोघांना प्लेग झाला व दोघेही वाचले. न घेतलेल्या १७२ जणांपैकी १२ जणांना तो झाला व सहा दगावले. पुढील वर्षी बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी प्लेग शिरलेल्या घरांतील आकडे याहून बोलके होते: लस घेतलेल्या ७१ जणांत ८ रुग्ण व ३ मृत्यू, न घेतलेल्या ६४ जणांत २७ रुग्ण व २६ मृत्यू. लस पूर्ण संरक्षण देत नव्हती, परंतु मृत्यूचे प्रमाण तिने फार मोठ्या अंशी घटविले, हे या आकड्यांवरून दिसते.

तिसरे आगाखान यांनी लोकांसमोर लस टोचून घेतली व आपल्या खोजा अनुयायांना तसे करण्यास सांगितले. प्रयोगशाळेलाही त्यांनी काही काळ जागा दिली. अखेर १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळा रीतसर सुरू झाली. गव्हर्नरांच्या निवासस्थानाचे रूपांतर लसीच्या कारखान्यात व्हावे, यावरूनच साथीचे गांभीर्य लक्षात येते.

लसनिर्मिती व तपासणीची पद्धत

हाफकिन यांची प्लेगची लस म्हणजे मारलेल्या जंतूंचा द्रव होय. मांसाच्या रश्श्यात जंतू वाढवीत. त्या रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबणाऱ्या धाग्यांसारखे वाढत. ही वाढ अन्य जंतूंपेक्षा वेगळी दिसत असल्याने ओळखण्यास सोपी होती. हिंदू व मुसलमान या दोन्ही समाजांच्या भावना ध्यानात घेऊन त्यांनी गोमांस व डुकराचे मांस टाळून बकऱ्याचे मांस वापरले. काही आठवड्यांनी वाढ पुरी झाल्यावर तिचा थोडा अंश वेगळ्या नळीत पेरून तीत परका जंतू नाही याची खात्री करीत. नंतर द्रव सुमारे ६५ अंश सेल्सियसला तासभर तापवून जंतू मारले जात आणि अर्धा टक्का कार्बॉलिक आम्ल मिसळून तो बाटल्यांत भरला जाई. एका बाटलीत अनेक जणांना पुरेल इतकी लस असे. प्रत्येक बाटलीला क्रमांक असल्यामुळे ती केव्हा व कोणत्या वाढीपासून भरली हे नोंदवहीवरून कळे. औषधाच्या प्रत्येक घाणीला स्वतंत्र क्रमांक देण्याची आजची पद्धत व हा क्रमांक यांत तत्त्वतः फरक नाही.

लसीची ताकद ठरविण्याची रीत मात्र आजच्या वाचकाला चमत्कारिक वाटेल. टोचल्यावर माणसाला सुमारे १०२ अंश फॅरनहाइट ताप आला की मात्रा योग्य, असे मानले जाई. १८९८-९९ मध्ये प्रा. टॉमस फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने लसीची उपयुक्तता मान्य केली, पण प्रमाणीकरणाच्या या पद्धतीवर टीका केली. ही टीका योग्यच होती. लस बनविणारे हाफकिन, तपासणारे हाफकिन आणि पाठविण्यास अनुमती देणारेही हाफकिन, अशी त्या प्रयोगशाळेची घडण होती. त्यात कोणाची लबाडी नव्हती. परंतु करणारा व पारखणारा एकच असल्यावर प्रसंगी त्याचा निर्दोषपणा सिद्ध करण्यास दुसरा साक्षीदार उरत नाही, आणि हाफकिन यांच्या बाबतीत पुढे नेमके हेच घडले.

सातारा जिल्हा व दक्षिण महाराष्ट्रातील संस्थाने

मुंबईहून प्लेग पुण्याला व तेथून रेल्वेच्या आणि बाजारपेठांच्या मार्गाने दक्षिणेकडे पसरला. पुणे-मिरज लोहमार्ग सातारा जिल्ह्यातून जातो. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा बराच विस्तृत होता. वाळवे, तासगाव, खानापूर व शिराळा हा आज सांगली जिल्ह्यात असलेला मुलूख तेव्हा सातारा जिल्ह्यात मोडत असे. सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने होती. १९४९ मध्ये संस्थानांचा प्रदेश जोडून दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून या भागातील प्लेगची हकिकत सातारा व सांगली अशी तोडून सांगता येत नाही.

१८९१ च्या जनगणनेत सातारा जिल्ह्याची लोकसंख्या १२ लाख २५ हजार ९८९ होती. १९०१ मध्ये ती ११ लाख ४६ हजार ५५९ भरली. दहा वर्षांत वाढ होण्याऐवजी ती सुमारे ७९ हजारांनी घटली. या घटीला १८९६-९७ व १८९९-१९०० चे दुष्काळ जसे कारणीभूत होते, तसाच प्लेगही होता. घरात उंदीर पडू लागले की गाव उठायचे आणि माणसे शेतात, माळावर झोपड्या घालून राहायची, ही त्या वर्षांतली रीतच झाली होती. उंदरावरील पिसवांमुळे रोग पसरतो हे शास्त्रज्ञांनी निर्विवादपणे मान्य करण्यापूर्वीच लोकांनी उंदीर व प्लेग यांचे नाते ओळखले होते, आणि घर सोडण्याचा त्यांचा उपाय शास्त्राला धरूनच होता.

टोचणीबाबत लोक साशंक होते. पुण्यात प्लेगनिवारणाच्या नावाखाली झालेल्या घरझडत्यांचा संताप ताजा होता. जून १८९७ मध्ये रँड यांचा वध झाला होता. जबरदस्तीने रुग्णालयात नेणारे सरकार आणि टोचायला येणारे सरकार यांत सामान्य माणसाने भेद करावा, ही अपेक्षाच अवाजवी होती. शिवाय टोचल्यावर एक-दोन दिवस ताप येई, दंड दुखे. रोजावर पोट असलेल्या शेतमजुराला तेवढी मजुरी गमवावी लागे. देवीची टोचणी खेड्यापाड्यांत रुळण्यास अनेक दशके गेली होती, आणि प्लेग तर तेवढी सवड द्यायला तयार नव्हता. अशा लोकांसमोर लसीची बाटली फोडताना तिच्यातील द्रव शुद्ध आहे हा विश्वास, हेच टोचणाऱ्या डॉक्टरचे मुख्य भांडवल होते, आणि तो विश्वास परळच्या निर्वाळ्यावर उभा होता.

सातारा जिल्ह्यातील नायगाव (आजचा खंडाळा तालुका) येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने मृत्यू झाला. हाफकिन यांनी स्वतःला लस टोचून घेतल्याला त्या दिवशी बरोबर दोन महिने होत होते.

मुल्कोवाल येथील दुर्घटना

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर टोचणीची मोहीम आखली व परळकडे लसीची प्रचंड मागणी केली. रश्श्यावर वाढविण्याची जुनी पद्धत वेळखाऊ असल्याने हाफकिन यांनी अगारच्या थरावर जंतू वाढवून ते पाण्याने धुऊन घेण्याची जलद पद्धत स्वीकारली. या नव्या पद्धतीत द्रव केवळ उष्णतेने निर्जंतुक केला जाई, त्यात कार्बॉलिक आम्ल मिसळले जात नसे. पाश्चर संस्थेतही असेच केले जाते, हा त्यांचा आधार होता. मात्र या बदलाला त्यांनी सरकारची आगाऊ मान्यता घेतली नव्हती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी (हे आज पाकिस्तानात असून मलकवाल या नावाने ओळखले जाते) १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यासाठी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. आठवड्याभराने, ६ नोव्हेंबरपासून, त्यांपैकी १९ जणांना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली व ते सर्व मरण पावले. या १९ जणांना ५३-एन या एकाच क्रमांकाच्या बाटलीतून लस दिलेली होती. उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्यांपैकी कोणालाही काही झाले नाही.

बाटली परळला भरली गेली त्यानंतर ४१ दिवसांनी ती मुल्कोवालला उघडली होती. प्रश्न एवढाच होता, की धनुर्वाताचे जंतू तिच्यात भरण्याच्या वेळी शिरले की उघडण्याच्या वेळी?

चौकशी व दोषारोप

सरकारने मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स, कोलकात्याचे लेफ्टनंट कर्नल बमफर्ड व कसौलीच्या पाश्चर संस्थेचे मेजर डेव्हिड सेम्पल यांचा चौकशी आयोग नेमला. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळ येथे, दूषित झाली होती, असा निष्कर्ष आयोगाने काढला. कार्बॉलिक आम्ल वगळणे हा हाफकिन यांचा प्रमाद ठरला. त्यांना संचालकपदावरून दूर व्हावे लागले आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. परळला कार्बॉलिकची जुनी पद्धत पुन्हा सुरू झाली.

आयोगापुढील साक्षीपुराव्यात एक बाब मात्र स्पष्टपणे नोंदली गेली होती. ५३-एन बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर तापवून घेण्याऐवजी नुसता कार्बॉलिकच्या द्रावणात बुडवून त्याच चिमट्याने बूच काढले गेले. धनुर्वाताचे बीजाणू मातीत, विशेषतः गुराढोरांच्या वावरातील मातीत, सर्वत्र असतात आणि कार्बॉलिकच्या क्षणभराच्या स्पर्शाने ते मरत नाहीत. वस्तुतः लसीत मिसळल्या जाणाऱ्या अर्धा टक्का कार्बॉलिकनेही हे बीजाणू खात्रीने मरत नाहीत, फार तर त्यांची वाढ रोखली जाते. त्यामुळे कार्बॉलिक वगळणे हेच दुर्घटनेचे कारण, हा निष्कर्ष वाटतो तितका सरळ नव्हता.

दुसरा मुद्दा वासाचा होता. बंद बाटलीत, हवेवाचून, धनुर्वाताचे जंतू कित्येक आठवडे वाढले असते तर द्रवाला दुर्गंधी यायला हवी होती. बाटली उघडताच तिचा वास घेऊन पाहावा, असा परळचा नियम होता. ५३-एनच्या बाबतीत असा वास आल्याची नोंद नाही. तिसरा मुद्दा दिवसांचा होता. तयार विष भरलेली लस टोचली गेली असती, तर लक्षणे सात दिवस थांबली नसती, त्याहून लवकर दिसली असती.

या मुद्द्यांवरून आयोगाचा निष्कर्ष टिकत नाही, असे मत अनेक अभ्यासकांनी दिले आहे. त्याचबरोबर आयोगाच्या बाजूनेही एक गोष्ट नमूद करायला हवी. पद्धतीत बदल करताना हाफकिन यांनी तो कोणाकडून तपासून घेतला नव्हता, आणि ५३-एनच्याच घाणीतील नमुना राखून ठेवून तो त्रयस्थाकडून पडताळून घेण्याची व्यवस्थाही त्या काळी नव्हती. तशी व्यवस्था असती तर वाद काही आठवड्यांत मिटण्याची शक्यता होती.

याच सुमारास अमेरिकेत असाच प्रकार घडून गेला होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे. १९०१ मध्ये सेंट लुइस शहरात घटसर्पावरील रक्तद्रव धनुर्वाताच्या विषाने दूषित होऊन १३ बालके मरण पावली. हा रक्तद्रव ज्या घोड्यापासून काढला, त्यालाच धनुर्वात झाला होता. त्या घटनेनंतर अमेरिकेच्या संसदेने १ जुलै १९०२ रोजी लसी व रक्तद्रव यांच्या निर्मितीवर परवाना व तपासणी यांचे बंधन घालणारा कायदा केला. मुल्कोवालची दुर्घटना त्यानंतर चारच महिन्यांनी घडली. एका ठिकाणी मृत्यूंतून कायदा निघाला, दुसऱ्या ठिकाणी एका व्यक्तीवर दोष येऊन विषय संपला.

निर्दोषत्व

चौकशीचे कागद सरकारने दीर्घकाळ प्रसिद्ध केले नाहीत. १९०६ च्या अखेरीस ते बाहेर आल्यावर इंग्लंडमधील शास्त्रज्ञांचे त्यांकडे लक्ष गेले. मलेरियाच्या संशोधनासाठी १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू हिरिरीने मांडली. हाफकिन यांना कोलकात्यापासून ओळखणारे डॉ. विल्यम सिम्पसन हेही त्यांच्या पाठीशी होते. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्स या दैनिकात दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. हाफकिन यांच्यावरील आरोप पुराव्याने शाबीत होत नाही, असा त्याचा आशय होता. ब्रिटिश संसदेतही प्रश्न विचारले गेले. अखेर १९०७ च्या नोव्हेंबरात सरकारने त्यांना दोषमुक्त मानून पुन्हा भारतातील नोकरी देऊ केली. हाफकिन हे ज्यू असल्याने व ब्रिटिश वैद्यकीय सेवेतील नसल्याने त्यांच्यावर अन्याय झाला, असे मानणारे लेखक या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील ड्रेफस प्रकरणाशी करतात.

दरम्यानच्या काळात प्लेग थांबला नव्हता. १९०७ या एका वर्षात एकट्या पंजाबात प्लेगने मरणाऱ्यांची संख्या सहा लाखांच्या घरात गेली. मुल्कोवालच्या वार्तेने टोचणीवरचा विश्वास उडाला नसता तर यांतील किती जीव वाचले असते, याचा हिशेब कोणालाच मांडता येणार नाही.

उत्तरायुष्य

हाफकिन परत आले ते कोलकात्यास. परळची जागा आता भरलेली होती. कोलकात्यातही त्यांना माणसांवर नव्या लसींचे प्रयोग करण्याची मुभा दिली गेली नाही. त्यांचे काम प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहिले. म्हणजे दोषमुक्ती मिळाली, अधिकार मात्र परत मिळाला नाही. वयोमर्यादेनुसार निवृत्त होऊन ते युरोपला गेले. ते अविवाहित होते. उत्तरायुष्यात ज्यू धर्माचरणाकडे त्यांचा ओढा वाढला, आणि आपली बहुतेक संपत्ती त्यांनी पूर्व युरोपातील ज्यू धर्मशाळांच्या शिक्षणकार्यासाठी ठेवली. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

पुढील व्यवस्था

परळच्या प्रयोगशाळेला १९०६ मध्ये मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा व १९२५ मध्ये हाफकिन संस्था असे नाव देण्यात आले. आपल्या नावाची संस्था पाहण्याचे भाग्य हाफकिन यांना हयातीत लाभले. १९७० च्या दशकात संस्थेचा लसनिर्मितीचा विभाग वेगळा काढून त्याचे स्वतंत्र महामंडळ करण्यात आले.

औषधांच्या शुद्धतेसाठी भारतात अखिल देशास लागू होणारा कायदा येण्यास १९४० साल उजाडले. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये केलेल्या शिफारशी त्यामागे होत्या. १९४५ च्या नियमांनुसार औषधाची प्रत्येक घाणी तपासूनच बाहेर पाठवावी लागते. वेष्टनावर घाणी क्रमांक, उत्पादनाची तारीख व मुदत छापावी लागते आणि नमुने राखून ठेवावे लागतात. तपासणी विभागाचा प्रमुख हा उत्पादन विभागाच्या प्रमुखापासून स्वतंत्र असला पाहिजे, असेही बंधन पुढे आले. हाफकिन यांच्या काळी नेमका याचाच अभाव होता. युरोपीय देशांत १९७५ पासून घाणी बाहेर सोडण्याच्या दाखल्यावर सही करणारी पात्र व्यक्ती कायद्यानेच नेमावी लागते. भारतातील लसींच्या घाणी आज हिमाचल प्रदेशातील कसौली येथील केंद्रीय औषध प्रयोगशाळेत पारखल्या जातात. तेथील संशोधनसंस्थेचे पहिले संचालक मुल्कोवाल आयोगाचे सदस्य डेव्हिड सेम्पल हेच होते, हा योगायोग नमूद करण्याजोगा आहे.

कायदा झाल्यानेही सर्व धोके टळले नाहीत. १९८६ च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीनमधून गेलेल्या डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रवामुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने या प्रकरणात औषध तपासणाऱ्या व खरेदीस मान्यता देणाऱ्या यंत्रणेवर कडक ताशेरे ओढले. हे रुग्णालय ग्रँट मेडिकल कॉलेजला जोडलेले आहे, आणि हाफकिन यांची एक खोलीची पहिली प्रयोगशाळा याच आवारात होती.

सन्मान व स्मारके

१८९७ मध्ये ब्रिटिश सरकारने हाफकिन यांना सी.आय.ई. हा किताब दिला. एडिंबरो विद्यापीठाचे कॅमेरॉन पारितोषिकही त्यांना मिळाले. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. परळ येथील संस्थेची वास्तू, जी पूर्वी गव्हर्नरांचे निवासस्थान होती, आजही उभी आहे. मुल्कोवाल येथे मरण पावलेल्या १९ जणांची नावे हाफकिन यांच्या चरित्रांतून सहसा आढळत नाहीत. त्यांच्या बाटलीचा क्रमांक मात्र प्रत्येक चरित्रात येतो.